नव्वद अंशांच्या पुढे

हेमंत घटाट्यांच्या नावावर एकही पेटंट नव्हतं, आणि नेमक्या याच पात्रतेवर त्यांना पेटंट मंडळाचं बोलावणं आलं. एकतीस वर्षं बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टेंटची डिझाइनं काढायची, हाताखाली शिकलेल्यांनी पुढे जाऊन नाव कमवायचं आणि आपण आपला डबा घेऊन घरी यायचं, असा माणूस. पत्रात लिहिलं होतं, 'आपण आपल्या क्षेत्रातील सर्वसाधारण कुशल व्यक्ती आहात.' आता बोला! माणूस जन्मभर जे मनातल्या मनात गिळत आला, ते सरकारनं शिक्का मारून घरपोच केलं.

त्यांच्या मुलीनं, गार्गीनं, ते पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवून दिलं. दोन वर्षांपूर्वी असतं तर ती पोट धरून हसली असती, आईला हाका मारून वाचून दाखवलं असतं. आता हसू आलं नाही की रागही आला नाही. ज्योत्स्नाबाई गेल्यापासून त्या घरात असं काही येतच नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, इस्त्रीचे कपडे यायचे, बापलेक समोरासमोर बसून जेवायचे आणि आपापलं ताट धुवून टाकायचे. कोणी विचारलं तर दोघंही 'बरं चाललंय' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"जाणार का तुम्ही, बाबा?"

"जाईन म्हणतो."

"कशाचं डिझाइन आहे?"

"गुडघ्यामागचा स्टेंट," बाबा म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात. गार्गीनं घास खाली ठेवला.

इथं थोडं कायद्याचं सांगायला हवं. प्रश्न तसा साधा असतो. नवी म्हणून आणलेली वस्तू त्या धंद्यातल्या साध्यासुध्या जाणकाराला त्या काळी सहज सुचली असती का? असती, तर पेटंट नाही, कोणीही ती बनवावी. नसती, तर वीस वर्षं ती एकाच्याच मालकीची. घोडं अडतं ते भलतीकडेच. उत्तर एकदा डोळ्यांनी पाहिलं की ते प्रत्येकाला सोपं वाटतं. 'हात्तिच्या, एवढंच होय!' असं म्हणायला अक्कल लागत नाही. उत्तर माहीत नसलेला जाणकार आणायचा कुठून? वकील वर्षानुवर्षं यावर भांडत राहिले आणि त्यांची पोरंबाळं शिकून मोठी झाली.

मग पडदा आला. आपल्या आठवणी मेंदूत तारीखवार लागलेल्या असतात, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. एकाच सुमाराला घडलेल्या गोष्टी पेशींच्या एकाच टोळीकडे सांभाळायला असतात, आणि महिने उलटतात तसतशी टोळी बदलत जाते. एक इंजेक्शन आणि डोक्यावर ध्वनिलहरींचं शिरस्त्राण, एवढ्यानं अमुक तारखेनंतरच्या सगळ्या टोळ्या पाच-सहा तास गप्प करता येऊ लागल्या. काही पुसलं जात नाही. खोलीला कुलूप लागतं आणि औषध उतरलं की उघडतं. पडद्याखालच्या माणसाला मात्र आपण त्या जुन्या तारखेलाच आहोत असं वाटत असतं. त्याच्यासमोर प्रश्न ठेवायचा, त्या तारखेपर्यंतचे कागद ठेवायचे आणि बघायचं, त्याला सुचतं का.

आता तारखा बघा. या नव्या स्टेंटचा अर्ज दुसऱ्याच एका कंपनीनं दाखल केला जून २०३९ मध्ये. ज्योत्स्नाबाईंच्या पायात स्टेंट बसला त्याच वर्षी जानेवारीत. तो बाबांच्या कारखान्यातला होता, बाबांनीच काढलेला. नोव्हेंबरात तो गुडघ्यामागे आतल्या आत तुटला, रक्त गोठलं, पाय काळा पडला, आणि पुढचे अकरा दिवस सांगण्यासारखे नाहीत. मंडळाच्या फॉर्मवर 'कोणत्याही पक्षाशी आर्थिक संबंध आहे का' असा रकाना होता. बायको कशानं गेली, हे विचारणारा रकाना नव्हता.

"ते डिझाइन मी मासिकात पाहिलंय, गार्गी," बाबा म्हणाले. "पाहिल्यावर काय, सोपंच दिसतं. पण न पाहता मला सुचलं असतं का, हे मला कसं कळणार? तेव्हापासून तेवढं एकच डोक्यात आहे."

"आणि सुचलं असतं, असं निघालं तर?"

बाबा ताट घेऊन उठले. "तर मग तसं," म्हणाले आणि नळ सोडला.

तर मग तसं! म्हणजे आई वाचली असती, बाबांनी वाचवली असती, आणि वाचवली नाही, हे सरकारी कागदावर सिद्ध होणार. आधीच अर्धा झालेला माणूस त्यानंतर कसा उभा राहील, हे गार्गीला दिसेना. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, नुसतं कळलं.

सिव्हिल लाइन्समधल्या मंडळाच्या इमारतीत निबंधक मेश्राम मॅडमनी तिला नियम समजावले. पडद्याखाली घरचं एक माणूस सोबत लागतं, कारण एकट्यानं बसलेले एक गृहस्थ स्वतःच्या हातावरच्या सुरकुत्या बघून हडबडले होते. खोलीत आरसा नाही, कॅलेंडर नाही. "तुम्ही स्वतःहून काही सुचवायचं नाही. ते सांगतील ते करायला हरकत नाही. आणि जून एकोणचाळीसनंतरचं एक अक्षर बोलायचं नाही. घरात काही बदल?"

"आई गेली," गार्गी म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं. "त्यांनी विचारलं तर काय सांगाल?"

"क्लास घेतेय म्हणून सांगेन. ती पेटी शिकवायची."

इंजेक्शन दिल्यावर चाळीस मिनिटांनी बाबांनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, आणि गार्गीवर नजर पडताच त्यांचा चेहरा हलला. दोन वर्षांत तो चेहरा हलू शकतो हेच ती विसरली होती.

"अगं, ऑफिसला दांडी मारून इथं काय करून राहिली तू?"

"तुम्हाला सल्ल्यासाठी बोलावलंय. मी सोबत आले."

"सल्ला! आणि माझा? मंडळाचे दिवस भरले वाटतं." ते हसले. पेन्सिलीचं टोक बघितलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि एका जुन्या भजनाची ओळ नाकातल्या नाकात गुणगुणू लागले. "आई काय करून राहिली?"

"क्लास घेतेय."

"खुर्चीवर बसून घेतेय नं?"

"हो."

"चल, खोटारडी! माझी पाठ वळली की ती खाली बसते. तिला वाटतं, मला कळत नाही. पेटी काय खुर्चीवर वाजते का, म्हणते." आणि पुन्हा हसले. गार्गीनं हसल्यासारखं केलं. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं आणि होत नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं.

टेबलावरच्या कागदावर प्रश्न होता: 'गुडघा पूर्ण दुमडल्यास त्यामागील धमनीतील स्टेंट वारंवार तुटतो. उपाय सुचवा.' बाबांनी पहिलं उत्तर दोन मिनिटांत लिहिलं. 'रुग्णाने जमिनीवर बसू नये.' मग स्वतःच ते वाचून तोंड वाकडं केलं.

"हे काय उत्तर झालं? घरी सांगून पाहिलं नं. कोण ऐकतं?"

ते चित्र काढू लागले. स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी. धातूची नागमोडी कडी एकापुढे एक, आणि कड्याला कडं जोडणारे छोटे पूल. कडी धमनीला उघडी धरून ठेवतात, पूल कड्यांना धरून ठेवतात. तुटतात ते पूल. बाबांनी पूल जाड केले, खोडले. बारीक केले, खोडले. सरळ पुलाचे तिरके केले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

"आमच्याकडे चाचणीचं यंत्र आहे नं," ते म्हणाले, "ते स्टेंटला नव्वद अंशांपर्यंत वाकवतं. एक कोटी वेळा. पास! पण ते यंत्र आलंय खुर्चीवर जेवणाऱ्या लोकांच्या देशातून. मांडी घातली की गुडघा जातो दीडशेच्या घरात. नव्वदच्या पुढे आत काय होतं, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. रिपोर्टात तो रकानाच नाही." त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. "आईला फोन लाव. मांडी घातल्यावर मागे कसं वाटतं, ते विचारतो."

"क्लासमध्ये फोन बंद असतो तिचा."

"हो नं, विसरलोच. मग तू बस. इथं, खाली. मांडी घाल, मी मागून हात लावून बघतो."

गार्गी खुर्चीतच राहिली. अर्जातलं डिझाइन तिनं बाबांच्या मासिकात पन्नास वेळा पाहिलं होतं. बाबा त्याच्यापासून किती लांब आहेत हे तिला दिसत होतं, आणि ते फार लांब नव्हते. खाली बसलं की संपलं. नाही बसलं तर ते पूल जाड-बारीक करत राहतील, तीन वाजतील, आणि मंडळ लिहील की जाणकाराला सुचलं नाही. बाबा सुटतील. एका कंपनीला वीस वर्षांची मालकी मिळेल, मिळो. तिला आपला बाप हवा होता, अर्धा तर अर्धा.

"गुडघा दुखतोय, बाबा. जिन्यात मुरगळला."

"अरे! दाखवलंस का कोणाला?"

"दाखवते."

"राहू दे मग," म्हणाले आणि पुन्हा चित्राकडे वळले. तीन वाजेपर्यंत त्यांना सुचलं नाही.

औषध उतरलं ते हळूहळू. आधी गुणगुणणं थांबलं. मग बाबा दाराकडे बघायला लागले, कोणीतरी यायचं राहिल्यासारखे. मग खांदे खाली आले आणि चेहरा पुन्हा रोजचा झाला. गार्गीनं पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला, प्यायला नाही.

मेश्राम मॅडम फॉर्म घेऊन आल्या. 'बैठकीत कोणाचाही अडथळा आला नाही' या ओळीखाली सही करायची होती. बैठकीतलं सगळं बाबांना आठवत होतं, ते काही पडद्याबरोबर जात नाही. त्यांनी ओळ वाचली, पेनाचं टोपण लावलं.

"माझ्या मुलीचा गुडघा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "ही बैठक धरू नका. पुन्हा घ्या."

खाली कॅन्टीनमध्ये दोघांसमोर चहा आला आणि त्यावर साय धरली.

"का केलंस तसं?"

"तुम्हाला कळू नये म्हणून."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मला आज पाच तास माहीत नव्हतं, गार्गी. ती घरी आहे, क्लास घेतेय, मी गेलो की कुरकुर करत खुर्चीवर चढून बसेल. असंच वाटत होतं. आणि मग तीन वाजता ती पुन्हा गेली."

"मग पुन्हा कशाला जायचं? त्या पाच तासांसाठी?"

"तेवढ्यासाठीही जाईन. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?" चमच्यानं त्यांनी साय बाजूला केली. "पण या वेळी तू बस. मला नाही सापडलं तर नाही. तू बसली नाहीस म्हणून सापडलं नाही, असं नको. ते मला पचणार नाही. आणि पेटंट नाकारलं तर तो स्टेंट कोणीही बनवेल, उद्या कोणाच्या तरी बायकोच्या पायात बसेल. तिनं का म्हणून आपल्या दोघांसाठी थांबायचं?"

मेश्राम मॅडमनी गार्गीला चांगलं फैलावर घेतलं, दुसरं कोणी घरचं आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर एका कागदावर लिहून घेतलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. पहिली बैठकही जून एकोणचाळीसनंतरचीच, त्यामुळे तीही पडद्याआड जाणार होती.

तोच माणूस, तोच दिवस. दांडी मारलीस का, आई काय करून राहिली, खुर्चीवर आहे नं, चल खोटारडी. गार्गीनं तीच उत्तरं दिली. 'रुग्णाने जमिनीवर बसू नये' लिहून झालं, त्यावर तोंड वाकडं करून झालं, पूल जाड झाले, बारीक झाले. या वेळी यंत्राची गोष्ट लवकर निघाली, आणि फोन बंद असतो हे सांगून होताच बाबा म्हणाले, "मग तू बस बरं जरा खाली."

ती बसली. फरशीवर, मांडी घालून. बाबा तिच्या बाजूला उकिडवे बसले, तिच्या गुडघ्यामागे अंगठा रोवला आणि नाडी शोधली.

"पाय सरळ कर. हं. आता दुमड. पुन्हा सरळ. पुन्हा दुमड, सावकाश."

त्यांचा अंगठा एकाच जागी होता, आणि त्याखालची नाडी दर खेपेला एका अंगाला सरकत होती. बाबांनी ते चार वेळा करून पाहिलं. पाचव्यांदा त्यांनी डोळे मिटले.

"अगं, ही नुसती वाकत नाही," ते म्हणाले. "ही पिळते! आम्ही येडे तिला वाकवत बसलो. धुणं पिळतात तशी पिळते ही, आणि सगळे पूल आम्ही घातलेत उभे, ताठ. तुटतील नाही तर काय करतील?"

ते उठून टेबलाशी गेले. कड्यांमधले सगळे उभे पूल खोडले आणि एकच काढला, नळीभोवती गोल वळसे घेत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. धमनी पिळली की तोही तिच्यासोबत पिळणार आणि सैल सुटणार. हातात पेन्सिल धरल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती. अर्जातलं डिझाइन हेच होतं, वळशांचा कोन तेवढा थोडा वेगळा.

गार्गी खालूनच बघत राहिली. व्हायचं ते झालं होतं, आणि आता तीन वाजेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं.

"आईला सांगू नकोस हं, मी सांगतो," बाबा म्हणाले. आनंदानं त्यांचे कान लाल झाले होते. "महिनाभरात नमुना काढू, चाचणीला दोन महिने. दिवाळीच्या आत तिचा बदलून टाकू. मग बस म्हणावं खाली, दिवसभर बस!"

"हो, बाबा."

डबा उघडला. वडाभात होता. बाबांनी दोन घास खाल्ले आणि उरलेल्यातला एक वाटा चमच्यानं बाजूला सारला. "हा आईला ने. क्लासच्या दिवशी ती काही धड खात नाही." गार्गीनं तो वाटा झाकणात काढून ठेवला. मग बाबांनी कारखान्यात कोणाला काय सांगायचं ते सांगितलं, साहेब कसा तोंडात बोट घालेल त्याची नक्कल केली, आणि आता बहुधा माझंही एखादं पेटंट होईल, म्हणून स्वतःचीच थट्टा केली. आनंद झालेल्या माणसाजवळ बसून राहणं एवढं अवघड असतं, हे तिला माहीत नव्हतं. ती 'हो' म्हणत होती, 'मग' म्हणत होती. आई दोन वर्षांत गेली नव्हती तेवढी त्या दुपारी गेली.

पावणेतीनला बाबांना वळशांची संख्या पुन्हा ताडून बघायची होती. "बस गं अजून एकदा." ती बसली. ते अंगठा रोवून नाडी मोजत होते, तोंडानं आकडे म्हणत होते. सतराला आकडे थांबले. अंगठा तिथंच राहिला. गार्गीनं मान वळवून पाहिलं नाही.

दार उघडून मेश्राम मॅडम आल्या, आणि दोघांना तसं फरशीवर बघून जागीच उभ्या राहिल्या. बाबांनी हात पुढे करून फॉर्म मागितला. उभे राहिले नाहीत, गुडघ्यावर कागद ठेवूनच लिहू लागले. चित्र तुमचंच का? हो. सोबतीनं काही सुचवलं का? नाही. अडथळा? नाही. उत्तर सापडायला किती वेळ लागला? इथं त्यांनी अक्षर नीट काढून लिहिलं, 'पंचवीस मिनिटं.'

सही करून त्यांनी कागद मॅडमकडे दिला.

"पंचवीस मिनिटं, गार्गी," ते म्हणाले. "आणि दहा महिने मी तिच्यासाठी खुर्च्या बदलत होतो. ही उंच झाली, ती बुटकी झाली, हिला हात नकोत. एकदा म्हणालो नाही की बस माझ्यासमोर, बघू."

आणि बाबा रडले. अंत्यविधीला रडले नव्हते, तेराव्याला नव्हते, घरी एकटे असताना तर नव्हतेच. आता तोंड उघडं टाकून, लाज न बाळगता, लहान पोरासारखे रडले. गार्गीला त्यांच्याजवळ सरकायचं होतं, पण इतका वेळ दुमडून बसल्यानं तिचा पाय मेला होता. तिनं तो दोन्ही हातांनी धरून सरळ केला, आणि थोड्या वेळानं त्यात मुंग्या यायला लागल्या, पोटरीत, मग टाचेत, मग इतक्या की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं?" बाबांनी रडता रडता विचारलं.

"पाय दुखतोय," ती म्हणाली. "खरंच दुखतोय, बाबा."

"दुखू दे," ते म्हणाले, आणि तिची पोटरी चोळत तिथंच मांडी घालून बसले.